चेहरा आला, चेहरा गेला

पहिल्याच भेटीत मेश्रामजींनी मला माझ्या शर्टातून हाकलून दिलं.

नागपूरच्या हुडकेश्वरला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामानाचा ट्रक दारात, फ्रिज रस्त्याच्या मधोमध, आणि मी गडद जांभळ्या चौकटींचा माझा लाडका शर्ट घालून हमालांना सूचना देत होतो. समोरच्या घराचं फाटक वाजलं. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, मान तिरकी आणि एक डोळा अर्धा मिटलेला असे एक गृहस्थ बाहेर आले. ओल आलेल्या भिंतीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शर्ट कोणाचा?"

"माझाच."

"वाटलं नाही. तुम्ही दिसूनच नाही राहिले. शर्ट येऊन राहिला, शर्ट जाऊन राहिला, शर्ट हमालावर ओरडून राहिला. माणूस कुठी हाय यात?"

फ्रिजमागून माझ्या बायकोचं हसू ऐकू आलं. जे वाक्य ती लग्न झाल्यापासून शोधत होती, ते एका परक्या माणसानं तिला फुकटात दिलं होतं. त्या दिवसापासून मेश्रामजी तिचे सख्खे भाऊ झाले आणि माझा शर्ट पोछा.

मेश्रामजींची सगळी नोकरी हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गेली. शेड जुळवणं हे त्यांचं काम. कोणी भिंतीचा पोपडा आणून द्यायचा, कोणी मोटारीच्या दाराचा पत्रा, आणि मेश्रामजी थेंबाथेंबानं रंग मिसळून हुबेहूब तोच रंग काढायचे. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, देवळात जातात, नातवंडं खेळवतात. मेश्रामजींनी माणसं जुळवायला घेतली. म्हणजे लग्नं नव्हे. माणूस आणि त्याच्या अंगावरचा कपडा.

विनय नावाचा गुण त्यांच्याकडे अजिबात नव्हता, हेही सांगून टाकतो. "नागपुरात डोळे सगळ्यायले हायेत," ते म्हणत, "नजर मात्र मोजक्यायले." मोजके म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती.

पण या उद्योगाचं मूळ गल्लीत नव्हतं. ते त्यांच्या घरात, आतल्या खोलीत होतं.

त्यांच्या पत्नी सुलोचनाताई. मी त्यांना पाहिलं ते पांढऱ्या साडीतच. आमच्या वस्तीतल्या विहारात सणावाराला, वंदनेला बायका पांढरी साडी नेसून जातात, पण ताई भाजी घ्यायलाही पांढरी, कपडे वाळत घालायलाही पांढरी. लोक म्हणत, ताई फार धार्मिक झाल्या. खरं कारण असं की ताईंना कोड फुटलं होतं. आधी बोटांवर, मग ओठांच्या कडेला, मग मानेवर, आणि काही वर्षांत तो रंग सगळ्या अंगावरून असा निघून गेला की मुळातली सावळी सुलोचना कुठे उरलीच नाही. भुवयासुद्धा फिकट झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे कुणाला लागत नाही, यानं काही दुखत नाही, फक्त उन्हाला जपा.

उन्हाला जपणं सोपं होतं. माणसांपासून जपणं अवघड.

"काळी होती तं काळी म्हणत," एकदा ताई माझ्या बायकोला म्हणाल्या. "आता पांढरी झाली तं लोकायले भेव वाटते. यायले नेमका कोणता शेड पाहिजे, ते एकदा सांगून टाका म्हणा."

पूर्वी विहारात बुद्धवंदना सुलोचनाताईच सांगायच्या. पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे. आवाज असा की लाऊडस्पीकरवाल्यानं भाडं कमी करावं. कोड चेहऱ्यावर आलं आणि ताई एकेक रांग मागे सरकत गेल्या. शेवटी भिंतीला टेकल्या. पेटीतल्या त्यांच्या जुन्या साड्या, कुंकवाच्या लाल, गर्द हिरव्या, मोरपंखी, तशाच घडीत राहिल्या. एकदा त्यांनी लाल नेसून पाहिली. त्यांच्याच शब्दांत, "साडी दिसली, आन् साडीच्या वर एक भोक दिसलं."

मेश्रामजी हे सगळं पाहत होते. आयुष्यभर कुठलाही रंग कशालाही जुळवून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोला एक रंग जुळवता येत नव्हता. तेवढ्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, संघमित्रानं, मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली एक बाई माणसांना ऋतूंमध्ये वाटत होती. कातडी, केस, डोळे पाहायचे आणि ठरवायचं, हा माणूस स्प्रिंग, हा समर, हा ऑटम, हा विंटर. ज्याचं सगळंच फिकं, त्याला गडद रंग गिळून टाकतात. त्याला फिकेच रंग द्यायचे, पण तेही पारखून. ऊबदार फिकं असेल तर स्प्रिंग, थंड फिकं असेल तर समर.

मेश्रामजींनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आमच्या फाटकावर थाप मारली.

"वानखेडे! समर म्हणजे थंड रंग म्हणते हे बाई. मे महिन्यात नागपूरले आणा तिले एकदा! इतवारीतून नुसती पायी फिरवा, पुस्तक बदलून टाकीन ते!"

म्हणून त्यांनी स्वतःच पुस्तक बदललं. त्यांचे चार ऋतू नागपुरी होते. गडद आणि ऊबदार माणूस म्हणजे पळस. गडद आणि थंड म्हणजे काळी माती. फिका आणि थंड म्हणजे धुकं. हिवाळ्यात सकाळी अंबाझरीच्या पाण्यावर असतं ते. आणि फिका पण ऊबदार म्हणजे आंबिया. संत्र्याचा जो बहार हिवाळा सरता सरता फुलतो, तो आंबिया बहार. मी कोण, ते विचारू नका. त्यांनी मला काळ्या मातीत घातलं आणि म्हणाले, "कसदार हाय, पण ढेकळं फार."

शिंप्यांकडून गोळा केलेले कपड्याचे तुकडे त्यांनी धुऊन, इस्त्री करून एका पेटीत रचले. रविवारी सकाळी समोरच्या पडवीत प्लास्टिकची खुर्ची मांडायची, आलेल्या माणसाचे केस आणि खांदे पांढऱ्या कापडानं झाकायचे, आणि हनुवटीखाली एकेक तुकडा धरायचा. मेश्रामजी एक डोळा अर्धा मिटून बघायचे. निकालाचे शब्द दोनच. चेहरा उजळून पुढे आला की "आला!" आणि कपड्यामागे बुडाला की "गेला!" न्यायालयातही इतक्या झटपट फैसले होत नाहीत.

देशकरबाईंचा खटला गल्ली अजून विसरलेली नाही. बाई गोऱ्या, घाऱ्या, केसही पिंगट. कॉलेजात असताना आपल्याकडे कोण कोण बघायचं, हे त्या अजून सांगतात. खुर्चीवर बसतानाच म्हणाल्या, "माझं काय पाहायचं भाऊजी? गोऱ्या माणसाला सगळंच शोभतं." आणि पेटीतून स्वतःच काळा तुकडा उचलून हनुवटीखाली धरला.

"गेला," मेश्रामजी म्हणाले.

"म्हणजे?"

"बाई, काळं लावलं की तुमच्या डोळ्याखालची सगळी जागरणं बाहेर येऊन राहिली. गोऱ्याले सगळं शोभते, हे ज्यानं सांगितलं, त्याले तुमच्याकडून काही पाहिजे असन."

बाई लाल झाल्या. मेश्रामजींनी ताबडतोब झुकून पाहिलं. "हा लाल चांगला हाय, पण टिकत नाही." मग धुक्यातला निळा धरला, आणि खरंच, बाईंचे डोळे एकदम कोणी पुसून ठेवल्यासारखे लख्ख दिसले. "आला!" बाई निळी साडी नेसून महिनाभर गल्लीतून फिरल्या, कारण नसताना.

रविवारी गर्दी व्हायची, चहा व्हायचा, भांडणं व्हायची. सुलोचनाताई आतून चहा पाठवायच्या. खुर्चीवर मात्र कधी बसल्या नाहीत. "तुमचं चालू द्या जी," म्हणायच्या, "माह्यासाठी पांढरी हाय."

आणि मग संघमित्राचं लग्न ठरलं. मे महिन्यातलं.

आता पेच बघा. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. मेश्रामजींना हवा तो मुद्दा सापडला.

"सुलोचना, तू पांढरी नेसलीस तं भंतेजी मलेच विचारतीन, नवरी कोणती म्हणून!"

"मी मांगच्या खुर्चीवर बसीन. कोणी नाही पाहात."

"पोरीच्या लग्नात माय मांगच्या खुर्चीवर?"

"मंग का फोटोत सगळ्यायले दाखवत बसू? सासरचे लोकं विचारतीन तिले, तुह्या मायले काय झालं?"

संघमित्राचा पुण्याहून फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आई, तू माझ्याशेजारी उभी नसशील तर मीपण मागे येऊन बसते. लग्न मागेच लावा." मग ताई खुर्चीवर बसल्या.

मेश्रामजींनी त्या दिवशी कोणाला आत येऊ दिलं नाही. मी फाटकातून पाहिलं, ते माझं घर समोर असल्यामुळे. त्याला डोकावणं म्हणत नाहीत. तासभर ते तुकडे बदलत राहिले. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "धुकं. एकदम धुकं निघाली." आणि बर्डीच्या बाजारातून राखाडी झाक असलेली फिकी जांभळी साडी घेऊन आले. ब्लाउज शिवायला टाकला.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ताई साडी घेऊनच ब्लाउज घालून बघायला शिंप्याकडे गेल्या. त्याचं दुकान रस्त्यावर, समोर आरसा. परत आल्या, साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी मेश्रामजींच्या मांडीवर ठेवली.

"वापस करा. आरशात मले वाटलं, आजारी माणूस उठून आला दवाखान्यातून. शिंपी बिचारा पाणी घ्या म्हणे. माहं पांढरंच बरं हाय. आता मले कोणी बसवू नका."

मेश्रामजींचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. 'गेला' म्हणावं असाच.

त्यांना धीर द्यायला मी दुपारी संत्रा बर्फी घेऊन गेलो. विमा विकणारा माणूस मी, शब्दांवर पोट भरणारा. पण त्या दिवशी शब्द सापडेना, म्हणून बर्फी. पडवीत बसलो, डबा उघडला. मेश्रामजींनी आत बघितलं आणि इतक्या दुःखातही नाक मुरडलं.

"शिळी हाय."

"काय बोलता? सकाळची आहे!"

"वानखेडे, मले रंग शिकवू नका. मातकट झाली. कोणाच्या मयताले आणली होती काय?"

माझ्या खरेदीचा अपमान मी सहन करत नाही. डबा उचलला, फाटकाबाहेर रणरणत्या उन्हात जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "या! इथं येऊन सांगा शिळी आहे म्हणून!"

मेश्रामजी आले. डब्यात बघितलं. बर्फी झळझळीत, ताजी, संत्र्याच्या फोडीसारखी. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, पडवीत नेला. मातकट. बाहेर आणला. संत्री. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. मग त्यांनी हळूच वर पाहिलं.

पडवीवर हिरवी जाळी होती. नागपुरात उन्हाळा लागला की घरोघरी लागते तीच. कूलर, माठ आणि जाळी. पण मेश्रामजींनी ती नेहमीपेक्षा आधी, आणि दुहेरी लावली होती, ताईंच्या अंगावर ऊन येऊ नये म्हणून. होळीपासून ते त्या हिरव्या उजेडात बसत होते, जेवत होते, पेपर वाचत होते, आणि डोळ्यांना तो हिरवेपणा दिसायचाच बंद झाला होता. ट्यूबलाइटखाली कपडा घेणाऱ्याला मूर्ख म्हणणारा, कारखान्यात खिडकीच्या उजेडासाठी साहेबांशी भांडलेला हा माणूस! जिची कातडी जपायला जाळी लावली, तिचाच रंग त्या जाळीनं खाल्ला होता.

ते मटकन ओट्यावर बसले. मला वाटलं, रडतात की काय. पण ते आत ओरडले, "सुलोचना! कैची आण वं!"

भर दुपारी, गल्लीतलं कुत्रंही नालीत झोपलेलं असताना, मेश्रामजींनी स्टुलावर चढून जाळी कापली. ताई दारात उभ्या.

"काहून कापून राहिले जी? डॉक्टरनं ऊन लागू देऊ नका म्हटलं नं मले?"

"उन्हात नाही बसवत तुले. उद्या सकाळी ऊन यायच्या आधी बस. एकदाच बस. मी चुकलो होतो वं. तू नाही, मी."

मेश्रामजी 'मी चुकलो' म्हणाले, हे ऐकायला साक्षीदार मी एकटा होतो, याचं मला अजून वाईट वाटतं. ताईंनाही ते ऐकून काहीतरी झालं असावं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं होतं, ऊन अजून यायचं होतं. गल्लीला कोणी सांगितलं कोण जाणे. (मी सांगितलं.) देशकरबाई निळ्या साडीत हजर होत्या. ताई खुर्चीवर बसल्या, डोळे जमिनीकडे.

मेश्रामजींनी आधी ती जांभळी साडीच धरली. "गेला." मग ताईंचा स्वतःचा पांढरा पदर हनुवटीपर्यंत वर सरकवला आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"गेला," हळू म्हणाले.

"हे तं रोजचं हाय जी."

"रोजच गेला होता. मी सांगून नव्हतो राहिलो."

मग आंबियातले तुकडे सुरू झाले. लोण्याचा पिवळा: जरा आला. कोवळ्या पानाचा हिरवा: थांबला. अबोली: "जवळ हाय, पण यात थोडं दूध पाहिजे." पेटी संपली. मेश्रामजी रिकाम्या पेटीकडे बघत उभे राहिले, आणि एकदम गर्रकन वळले.

"वानखेडे! कालची बर्फी हाय काय?"

होती. बायकोनं ताटलीत काढून दिली. "वर्ख काढा, चमकते!" मी वर्ख खरवडला. "धरा!" आणि मी, दोन मुलांचा बाप, ताटलीभर संत्रा बर्फी सुलोचनाताईंच्या हनुवटीखाली धरून सगळ्या गल्लीसमोर उभा राहिलो.

काय झालं, ते मला सांगता येत नाही. मी रंगातला माणूस नाही. पण इतकी वर्षं मी ज्यांना ताई म्हणत होतो, त्यांना कानाजवळ तीळ आहे, हे मला तेव्हा दिसलं. फिकट भुवया दिसल्या, आणि त्या रागीट आहेत हेही. ओठ दिसले. एक आख्खी बाई धुतलेल्या काचेतून दिसावी तशी समोर बसलेली होती.

"आला!" माझी बायकोच ओरडली. मेश्रामजी दुपट्ट्यानं तोंड पुसत होते.

ताईंनी आरसा मागितला. पाहिलं. मान वळवून पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "जरा सरका न तिकडे. उजेड अडवून राहिले तुम्ही."

त्या सकाळी मेश्रामजी बर्फीचा डबा घेऊन इतवारीत गेले. मी सोबत होतो. दुकानदारानं साडी उलगडली की ते ती उचलून रस्त्यावर न्यायचे, बर्फीशेजारी धरायचे आणि परत आणायचे.

"काकाजी, अंदर एसी है," दुकानदार विनवत होता.

"एसी में रंग मर जाता है, भाऊ."

शेवटी बारीक सोनेरी काठाची, फिक्या संत्री रंगाची साडी सापडली. दुकानदारानं उरलेली बर्फी खाल्ली आणि पुन्हा येऊ नका, असं हसत सांगितलं.

"नेसीन मी," ताई म्हणाल्या. "पण बसीन मांगंच." त्यावर कोणी वाद घातला नाही.

लग्न संध्याकाळचं होतं. हॉल भरलेला. संघमित्रा पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कुर्त्यात, पुढे बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या. आणि या सगळ्यावर डेकोरेशनवाल्यानं जांभळा दिवा सोडलेला! नवरी जांभळी, नवरदेव जांभळा, भंतेजींचं चीवर कुठल्या रंगाचं झालं होतं, ते सांगण्यात अर्थ नाही. ताई शेवटच्या रांगेत, खांबामागे, पदर डोक्यावरून पुढे ओढून.

मेश्रामजी दिवेवाल्याकडे गेले. "बाबू, पांढरा कर."

"काका, फोटोत मस्त येते."

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मेश्रामजींनी प्लास्टिकची एक खुर्ची ओढली, बरोबर स्टेजच्या समोर ठेवली, तिच्यावर चढले आणि तो जांभळा दिवा मानेला धरून छताकडे वळवू लागले. खुर्ची डुगडुगली. हॉल ओरडला. आणि शेवटच्या रांगेतून एक आवाज आला, ज्याला लाऊडस्पीकरची कधीच गरज नव्हती.

"उतरा जी खाली! पडसान न! पोरीच्या लग्नात हातपाय मोडून घेता काय?"

सुलोचनाताई उठल्या आणि तरातरा निघाल्या. मधल्या वाटेनं, सगळ्या पाहुण्यांमधून, मुलीच्या सासरच्यांसमोरून. पदर कधीच खांद्यावर घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. वर जांभळा दिवा छताकडे वळला आणि हॉलच्या साध्या पांढऱ्या उजेडात त्या फिक्या संत्री साडीतली रागावलेली बाई सगळ्यांना दिसली. कोणीतरी मागे विचारलं, "कोण हाय जी ह्या?" आणि स्टेजवरून संघमित्रा मोठ्यानं म्हणाली, "माझी आई!"

भंतेजी हसले. "ताई, पुढं आल्याच आहात, तर वंदना आज तुम्हीच सांगा. पुष्कळ दिवस झाले."

ताई थबकल्या. त्यांनी मागे पाहिलं. खांब फार लांब होता. त्या स्टेजवर चढल्या, मुलीशेजारी उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि तो जुना आवाज हॉलभर पसरला. सगळे उभे राहिले.

मेश्रामजी तेवढे खुर्चीवरच राहिले. वंदनेच्या मधे त्यांना उतरवणार कोण? एका हातात दिव्याची मान, दुसरा हात छातीशी धरलेला. चांगल्या पक्क्या खुर्च्या शेजारीच असताना या माणसानं नेमकी डुगडुगती खुर्ची का उचलली, हे मी त्यांना पुढे पुष्कळदा विचारलं. त्यांनी कधीच धड उत्तर दिलं नाही. त्या वेळी मात्र ते तसेच उंच उभे होते, मान तिरकी, एक डोळा अर्धा मिटलेला, स्टेजकडे बघत. ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द मला माहीत होता.